सरकारी काट्यावर कुत्री

कुत्री पोत्यात बसायला तयार नव्हती. मी तिचे मागचे पाय धरले होते, पुढचे फुलाबाईनं धरले होते आणि कुत्री आळीपाळीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. चावायचं तिच्या मनात नव्हतं. चावायलासुद्धा अंगात ताकद लागते.

"बाई, ह्यो सरकारी काटा हाय," फुलाबाई म्हणाली. "लेकरांचा. कुणी तालुक्याला जाऊन सांगितलं, कुत्रं टांगलं म्हणून, तर?"

"सांगू दे. लेकरांची झोळी मी काढून ठेवलीय. पोतं आपलं आहे. काटा तर वर राहतो, त्याला कुत्र्याचा केससुद्धा लागत नाही."

मी अंगणवाडी सेविका, फुलाबाई माझी मदतनीस. अंगणवाडीची खिचडी ती शिजवायची, मुलांना घरोघरून गोळा करून आणायची आणि मी काही नवीन करायला निघाले की आधी नाही म्हणायची. नंतर ते काम माझ्यापेक्षा नेटानं तीच करायची.

काटा अंगणवाडीसमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला असे. गोल, घड्याळासारखा, खाली अडकवायला लोखंडी आकडा. दर महिन्याला वस्तीवरची सहा वर्षांखालची सगळी मुलं त्याला झोळीत घालून लावायची आणि वजनं रजिस्टरात लिहायची, हे माझं काम. त्या दिवशी खताच्या पोत्याला चार भोकं पाडून कुत्रीचे पाय त्यातून बाहेर काढले आणि आकड्याला अडकवली. काटा हलला, जरा मागं आला, थांबला.

"नऊ किलो दोनशे!" मी मोठ्यानं म्हणाले.

म्हणाले आणि माझीच मी दचकले. दोन वर्षांत मी त्या काट्यावरचा आकडा मोठ्यानं बोलले नव्हते. समोरच्या घराच्या उंबऱ्यात हौसाक्का नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नातीवर पदर ओढला आणि उठून आत गेल्या. दार लागलं.

कुत्रीचं वजन करायची कल्पना माझी नव्हती. ती कार्तिकात कुठूनशी वस्तीवर आली. रंग मातीचा, बरगड्या दुरून मोजता याव्यात, पाठीचा कणा वर आलेला. मुलं खिचडी खाऊन उठली की ती सांडलेली शितं शोधत जमीन चाटायची. फुलाबाईनं खराटा उगारून बघितला, पण पळायलाही तिला दोनदा बसावं लागायचं. मग फुलाबाईनंच तिचं नाव काडी ठेवलं आणि खराटा कोपऱ्यात टेकवला.

त्याच आठवड्यात मुलाणी डॉक्टर म्हशींना लस टोचायला आले. मी त्यांना काडी दाखवली. त्यांनी तिच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं.

"जंत आहेत. गोळी देतो, पण वजन सांगा."

"वजन कुठून आणू? अंदाजानं द्या की."

"म्हशीचं वजन मी नजरेनं सांगतो. हिच्या अंगात काही राहिलेलंच नाही, गोळी जास्त झाली तर ही जागेवर मरेल. अंदाजाचं काम नाही, बाई. आणि तुमच्या दारात तर काटा लटकतोय."

जाताना त्यांनी बजावलं, "कणव आली म्हणून टोपलंभर घालाल, तसं करू नका. उपाशी आतड्याला एकदम जेवण झेपत नाही. चार वेळा, मूठ मूठ. तेल-तिखट नाही. आणि दर आठवड्याला वजन बघा. डोळ्यांना रोज बघून काही कळत नाही, काट्याला कळतं."

हेच वाक्य मी बारा वर्षं वस्तीवरच्या आयांना सांगत आले होते.

आता हौसाक्कांचं सांगते. त्यांचा मुलगा आणि सून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. मूल आजीपाशी. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू, ओंकार, चौदा महिन्यांचा होता. महिन्याच्या वजनाला आणला, झोळीत हसत होता. मी काटा बघितला आणि सगळ्या बायांसमोर ओरडले, "साडेदहा किलो! वस्तीत पहिला नंबर आक्कांच्या नातवाचा!" बायांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांनी ओंकारला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. हौसाक्का म्हणाल्या, दृष्ट लागली. इंदूनं, म्हणजे मी, भर चौकात आकडा ओरडला, तिथंच लागली.

दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण त्या दिवसापासून मी वजनं तोंडातल्या तोंडात बोलायला लागले, हेही खरं.

पुढे त्यांना नात झाली, समीक्षा. पहिलं सव्वा वर्ष ती आईबरोबर सुनेच्या माहेरी आणि उसाच्या फडावर होती, वस्तीवर आली ती उन्हाळ्यात; यंदा ऊसतोडीला जाताना सून तिला आजीकडे ठेवून गेली. दुधानं तोंड पोळलेलं, हौसाक्का ताकही फुंकून पीत होत्या. नातीच्या गालाला काजळाचा ठिपका, कमरेला काळा दोरा, अंगावर कायम पदर. वजनाला आणायचं नाव नाही. मी तीनदा दारात गेले, तिन्ही वेळा दार लागलं. समीक्षाच्या वाट्याचा सरकारी आहार घ्यायला शेजारीण यायची. समीक्षा बावीस महिन्यांची झाली होती आणि मी तिला कधी उघड्या अंगानं बघितलं नव्हतं. पदराबाहेर आलेला एक हात तेवढा दिसायचा. तो हात मला आवडत नव्हता.

काडीला मात्र वजन सांगून जंताची गोळी आणली आणि तिचं सुरळीत चाललं. सकाळी मऊ भात, दुपारी भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी अर्धं उकडलेलं अंडं, झोपायच्या आधी पुन्हा भात. मंगळवारी बाजारातून फुलाबाईचा नवरा मटणवाल्याकडचं फेपसं, म्हणजे बोकडाचं फुफ्फुस, आणायचा, ते बिनमिठाचं उकडायचं. मुलांच्या खिचडीतली मूठसुद्धा काडीला घातली नाही. तेवढं मी सांभाळलं. काय सांभाळलं नाही, ते येईलच.

दर शनिवारी, मुलं घरी गेली की काटा. दुसऱ्या शनिवारी नऊ किलो सहाशे. तिसऱ्या शनिवारी दहा तीनशे. चौथ्याला बरोबर अकरा. फुलाबाई कोळशानं अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर आकडे लिहायची. आकडे मी मोठ्यानं सांगायची. कुत्रीला कुणाची दृष्ट लागणार होती? बाया पाणी भरताना थांबायला लागल्या. "आज किती झाली काडी?" अशी चौकशी सुरू झाली. म्हातारे पारावरून उठून यायचे. मुलांच्या वजनाला एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती.

समोरचं दार शनिवारी लागायचं खरं, पण हळूहळू त्यात चार बोटांची फट राहायला लागली.

त्याच सुमारास देशमाने मॅडम, आमच्या पर्यवेक्षिका, भेटीला आल्या. भिंतीवरचे आकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कशाचं?"

"मुलांना आकडे शिकवतो," फुलाबाई चटकन म्हणाली.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. "वजनं शंभर टक्के झालीत?"

"झाली, मॅडम," मी म्हणाले.

"छान. रिकामा रकाना नाही एकही. बाकीच्या सेविकांना तुमचं रजिस्टर दाखवायला हवं."

रिकामा रकाना ठेवला की तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं करतात. म्हणून समीक्षाच्या नावापुढे गेले सहा महिने मी आकडे भरत होते. घरी बसून. आठ सातशे, आठ नऊशे, नऊ, असं दर महिन्याला थोडं थोडं चढवत नऊ किलो चारशेपर्यंत आणलं होतं. तक्त्यावर तिची रेघ हिरव्या पट्ट्यातून सरळ वर चालली होती. दुसऱ्या वस्तीवरच्या सेविका कागदी घोडे नाचवतात म्हणून मी बैठकीतून परत येताना त्यांना हसायची. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मला तेव्हाही पाठ होती.

पाचव्या आठवड्यात पवारांच्या घरी नातवाचं जावळ होतं. दोन बोकडं पडली. जेवणावळ उठली आणि उष्ट्या पत्रावळ्या ओढ्याकाठी गेल्या, काडीही मागून गेली. तांबड्या रश्शाच्या पत्रावळ्या तिनं चाटून पुसून स्वच्छ केल्या, वर हाडं खाल्ली. पाच आठवडे मूठ मूठ खाणाऱ्या पोटाला एका दुपारी जावळाचं मटण. तीन दिवस तिला वरून खालून चाललं होतं. मुलाणी डॉक्टरांनी पूड दिली, आम्ही पातळ भात-ताक पाजलं. शनिवारी ती पोत्यात लटकली ती पुन्हा काडीच.

लिंबाखाली सात-आठ बाया जमल्या होत्या. मी काटा बघितला. फुलाबाईनंही बघितला आणि माझ्या कानाशी आली.

"बाई, वाढलं म्हना. साडेअकरा म्हना. समदी बगत्यात."

माझ्या जिभेवर साडेअकरा आलंही होतं. आकडा चढवायची मला चांगली सवय झालेली होती. पण काडीचं कुठं रजिस्टर नव्हतं, रकाना नव्हता, तिच्यासाठी मला कुणी बैठकीत उभं करणार नव्हतं. खोटं बोलायला काही कारणच सापडेना.

"दहा किलो शंभर," मी म्हणाले. "मागच्या शनिवारी अकरा होती. नऊशे ग्रॅम उतरलं."

बाया चुकचुकल्या. फुलाबाईनं कपाळाला हात लावला, पण आकडा लिहिला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि हौसाक्का अंगण ओलांडून आल्या. नात कडेवर, पदराखाली. दोन वर्षांनी त्या लिंबाखाली येत होत्या. बाया बाजूला सरल्या.

"किती म्हणालीस?"

"दहा शंभर, आक्का."

"आन् त्याच्या आधी अकरा. त्याच्या आधी धा तीनशे." सगळे आकडे त्यांना पाठ होते. "मंजी लागलीच की दिष्ट. वरडत हुतीस न्हवं दर शनवारी?"

"जावळाचं मटण लागलं, आक्का."

"तू त्याला मटण म्हण. आता मरल का ही?"

"नाही मरणार. कमी झालेलं कळलं ना, आता सांभाळू. भात-ताक चालू आहे, पूड चालू आहे. पुढच्या शनिवारी बघा."

त्यांनी काडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नातीला सावरून घरी गेल्या. दार मात्र लावलं नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. तरी त्या आठवड्यात काडीनं मुंगीपेक्षा जरा बरी चाल धरली. पुढच्या शनिवारी दहा नऊशे भरली. फुलाबाईनं आकडा एवढा मोठा लिहिला, की भिंत पुरेना. बाया पांगल्या, मी पोतं सोडवलं, आणि बघते तर हौसाक्का मागे उभ्या.

"झोळी लाव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लेकराची झोळी लाव. हिला घाल."

मी झोळी आणायला आत गेले. बाहेर आले तर त्या फुलाबाईशी बोलत होत्या. "दिष्ट तर लागली, म्या डोळ्यानं बगितली. पर इंदूनं लपीवलं न्हाई. उतरलं तर उतरलं म्हणून सांगितलं चारचौघांत, म्हणून उपाय झाला. ओंकारच्या टायमाला आमाला काई कळलंच न्हाई, कवा उतरणीला लागला त्यो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्ये पोरगं खात न्हाई गं, इंदू. घास दिला की तोंड फिरवतंय. म्या कुणापाशी बोलले न्हाई."

त्यांनी पदर काढला.

बारा वर्षांत मी चारशेच्या वर मुलं झोळीत घातली होती. समीक्षाला घेतलं आणि घेतानाच आकडा कळला. बरगड्या, दंडावरची सैल कातडी, मोठं पोट. काडी आली त्या दिवशीची काडीच. झोळी आकड्याला लावली. काटा हललाही नाही फारसा.

"सात किलो दोनशे," मी हळू म्हणाले.

फुलाबाईनं रजिस्टर आणून उघडलं होतं. ती साधी बाई, तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया, मागल्या म्हैन्यात तर नऊ चारशेवर आली हुती की!"

हौसाक्कांनी विचारलं, "कोण आली हुती?"

फुलाबाईनं जीभ चावली. हौसाक्कांना वाचता येत नव्हतं. चुकून दुसऱ्याचं पान उघडलं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"समीक्षाचं वजन मी लिहीत होते, आक्का. न बघता. घरी बसून, मनानं. सहा महिने." मी रकान्यावर बोट ठेवलं. "कागदावर ही चांगली धडधाकट आहे. म्हणून तालुक्याहून कुणी बघायला आलं नाही. आणि मीही दार वाजवायचं सोडून दिलं."

समीक्षा झोळीत रडत नव्हती, हेच वाईट होतं. काडी खाली बसून वर बघत होती.

"आन् कुत्रीचं?" हौसाक्का म्हणाल्या.

"काय?"

"कुत्रीचं बी मनानंच लिवत हुतीस?"

"नाही. कुत्रीचं दर वेळी बघून."

"मंग हिचं बी बगून लिव्ह," त्या म्हणाल्या आणि नातीला झोळीतून उचलून घेतलं.

मी नऊ चारशेच्या पुढच्या रकान्यात सात दोनशे लिहिलं. तक्त्यावर ठिपका लाल पट्ट्याच्याही तळाला गेला. त्याच दिवशी जीप मिळवली आणि देशमाने मॅडमच्या घरी गेले, दवाखान्याची चिठ्ठी हवी होती.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. रजिस्टर बघून त्यांनी दार लोटून घेतलं. "अहो, असं एकदम दोन किलो कसं उतरवता? चौकशी लागेल. या महिन्यात नऊ लिहा, पुढच्या महिन्यात साडेआठ. हळूहळू उतरवा, कुणाला कळणार नाही."

"मॅडम, पोरगी हळूहळू चाललेली नाही. साडेआठ लिहिलं तर तिला दवाखान्यात कोण घेईल?"

"हात दाखवून अवलक्षण करून घेताय तुम्ही."

"घेते. चिठ्ठी द्या."

त्यांनी दिली. नोटीसही आठवड्यानं आली. बैठकीत मला उभं केलं, साठ सेविकांसमोर; ज्या गोष्टीच्या भीतीनं सहा महिने आकडे भरले होते, ती दहा मिनिटांत झाली आणि संपली. पुढची दोन वर्षं माझी वजनं दुसरी सेविका येऊन तपासायची. ते योग्यच होतं.

हौसाक्का नातीबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात राहिल्या. तिथंही मूठ मूठच, दर दोन तासांनी, मोजून. फुलाबाई एकदा भेटून आली. तिनं निरोप आणला: "आक्कानं इचारलंय, काडी किती झाली."

एकविसाव्या दिवशी त्या परत आल्या. शनिवार होता. काडीचं वजन होऊन गेलं होतं, बाया अजून लिंबाखालीच होत्या. हौसाक्का घरी गेल्याच नाहीत, पिशवी फुलाबाईकडे दिली आणि म्हणाल्या, "झोळी लाव."

समीक्षा या वेळी झोळीत बसेना. मानेनं, पायानं, सगळ्या अंगानं नको म्हणत होती. कशीबशी बसवली. तिनं झोळीची दोरी धरून जे भोकाड पसरलं, ते पारापर्यंत ऐकू गेलं असेल. मी काटा बघितला.

"आठ किलो," मी म्हणाले.

"आं?"

"आठ किलो, आक्का."

"मला आलंय ऐकू. ह्यास्नी न्हाई आलं." त्यांनी बायांकडे हात केला. "मोठ्यानं सांग."

याच लिंबाखाली मी ओंकारचा आकडा ओरडले होते.

"आठ किलो!" मी ओरडले. "आक्कांची नात! आठ किलो!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या हौसाक्कांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी समीक्षाला कडेवर घेतलं आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. मीठ, मोहऱ्या, दोन लाल मिरच्या. दवाखान्यातूनच तयारीनं आल्या होत्या. मूठ भरून नातीवरून तीनदा उतरवली. मग तीच मूठ माझ्याकडे वळली. मी दृष्ट मानत नाही. तरी मान खाली घातली.

शेवटी त्या वाकल्या आणि काडीवरूनही उतरवली. मिरचीच्या वासानं काडी दोनदा शिंकली. त्या दिवशी ती तेरा किलो चारशे होती.